नळाला चहा येतो आणि वरचं कोर्ट विचार करतं

सॉरवुड गॅप, केंटकी
रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय वर्लीनताई,

थोरल्या बहिणीला वाकून नमस्कार करायला बसले, पण कंबर धरलीय. जेवढा पोचेल तेवढा गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत हाडं दुखत नाहीत म्हणतेस. इकडे डोकं दुखतं, आणि त्या दुखण्याचं नाव ऑर्विल. आपला लाडका धाकटा भाऊ, गेल्या निवडणुकीपासून गावाचा मेयर.

मुळात मी अंगणात एक पाटी लावली होती, ट्रेएवढी. 'नळाला चहा येतो. साखर मेयरसाहेबांकडे मागावी.' एवढंच. (आपल्या गावचं पाणी सध्या कुठल्या रंगाचं येतं ते तू पाहिलं नाहीस, सुखी आहेस.) ऑर्विलने लगेच ठराव आणला की अंगणात पाट्या नकोत, जुनं सामान विकायच्या चालतील, निवडणुकीच्या चालतील, म्हणजे त्याच्या स्वतःच्या चालतील. माझी उपटून नेली. बोलायचा हक्क मला राज्यघटनेने दिलाय, ऑर्विलने नाही, म्हणून मी फेडरल कोर्टात गेले आणि सपशेल हरले. मग आमची वकीलबाई मिस ब्रॅन्सकम (पोर हुशार आहे, फी घेत नाही, पण काटकी झालीय नुसती) म्हणाली, वर अपील करू. ते कोर्ट सिनसिनाटीला, चार राज्यांचं मिळून एक.

मला वाटलं, कोर्ट म्हणजे शपथ घ्यायची, मनातलं सगळं ओकायचं, ज्यूरीने हळहळायचं. म्हणून नळाच्या पाण्याची बाटली भरून नेली. दारावरच्या पोलिसाने ती उजेडात धरली आणि म्हणाला, "बाई, चहा आत नेता येणार नाही." ताई, मी त्याला मिठीच मारणार होते! म्हटलं, ह्यालाच साक्षीदार करा. तर मिस ब्रॅन्सकम म्हणते, इथे साक्षीदार नसतात. ज्यूरी नसते. नवा पुरावा चालत नाही. खालच्या कोर्टात जे कागदावर आलं तेवढंच, आणि खालच्या न्यायाधीशाचं कायद्यात चुकलं का, एवढंच बघायचं. मग मी एवढी नवी टोपी घालून कशाला आले होते?

तीन न्यायाधीश बसले. सगळं आधीच वाचून आलेले. प्रत्येक बाजूला पाव तास, समोर दिवा: हिरवा झाला की बोला, पिवळा झाला की आवरा, लाल झाला की गप्प. (हा दिवा आपल्या पाद्रीबाबांपुढे ठेवायला हवा.) मिस ब्रॅन्सकमचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत मधल्या न्यायाधीशबाईंनी विचारलं, "समजा, ही पाटी धान्याच्या कोठाराएवढी असती तर?" दुसरे म्हणाले, "समजा, ती रात्री लखलखत असती तर?" मी उभी राहून ओरडले, "लखलखत नाही हो, घरचा रंग आहे!" शिपायाने असं पाहिलं की मी टोपीसकट खाली बसले. एकाने पाण्याबद्दल विचारलं असेल तर शपथ!

मग ऑर्विलच्या वकिलाची पाळी. त्याच मधल्या बाईंनी विचारलं, "समजा, पाटीवर 'मेयर फार चांगले आहेत' असं असतं, तर उपटली असती?" वकील चाचरला. तेवढ्यात पलीकडच्या बाकावरून ऑर्विल सर्वांना ऐकू जाईल असं बोलून गेला, "ती कशाला उपटू?" मी म्हटलं, ऐकलंत ना, घ्या लिहून! कोणी लिहिलं नाही. आपण बाकावर बसून काय बोलतो ते ह्या कोर्टात धरतच नाहीत. लाल दिवा लागला, आभार मानले आणि पुढचं प्रकरण पुकारलं. निकाल? म्हणे, विचार करून लेखी कळवू.

बाहेर येते तर ऑर्विल पायरीवर बसलेला. तो ज्याच्या गाडीतून आला तो वकील परस्पर विमानतळावर गेलेला. रक्ताचं नातं, टाकून कशी येऊ? भूक लागली म्हणून एका खानावळीत शिरलो, तर तिथे स्पॅगेटीवर चिलीचा खिमा-रस्सा आणि वर चीजचा डोंगर. ऑर्विल बघतच राहिला. "ताई, इथला मेयर कोण आहे गं? हे चालवून घेतो?" मी म्हटलं, "पाटी लाव." हसताना त्याच्या नाकात रस्सा गेला. मी पाठीत धपाटे घातले. दोन जास्तच घातले.

निकाल परवा आला, कित्येक महिन्यांनी. मी हरले नाही. जिंकलेही नाही! खालच्या कोर्टाने चुकीचा प्रश्न विचारला म्हणे. ठराव पाटीवरचा मजकूर बघून एकीला ठेवतो, दुसरीला उपटतो का, ते तपासून पुन्हा ऐका. म्हणजे सगळं परत खाली. मिस ब्रॅन्सकम आनंदाने रडली. मी फक्त रडले.

तुझी त्रासलेली,
ओर्फा

ता.क. पत्र लिहायचं खरं कारण: तू थोरली, तुझं तो ऐकतो. ठराव मागे घे म्हणून त्याला फोन कर. मी सांगितलं असं म्हणू नकोस.

ता.क. २. थांब, इतक्यात नको करूस. मिस ब्रॅन्सकम म्हणते, ठराव मागे घेतला तर खटलाच मिटायचा. आणि खालच्या कोर्टातली पुढची तारीख लेक्सिंग्टनला आहे. ऑर्विल म्हणतो, तिथे मासे झकास मिळतात. एकाच गाडीतून जाऊ.