ठकूची माशी, आईची माशी

१४ मार्च, सकाळ

लाडक्या ठकूस,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे, गुडघा त्याच्या लहरीप्रमाणे. तुझे फोन आले होते, मुद्दामच उचलले नाहीत. तोंडाने सांगायची वेळ आली की माझी कशी बोबडी वळते, तुला ठाऊक आहे. म्हणून पत्र.

बातमी अशी की तुझी माशी गेली.

मेली नाही गं, नाव गेलं. तू लहान असताना डोंगरावर सापडलेल्या त्या काळपट माशीला मी तुझं नाव दिलं आणि तू शाळाभर मिरवलीस. नदीकाठच्या मळ्यांतली पिवळ्या पट्ट्यांची माशी तुझ्या आईने त्याआधीच नाव देऊन नोंदवली होती. दोघींच्या अळ्या झाडाचा रस पिणारी मावा कीड फस्त करतात, दोघी उन्हाच्या तिरिपेत जागच्या जागी तरंगतात. पण रंग वेगळे, मुलूख वेगळे, म्हणून जाती वेगळ्या असं आम्ही धरून चाललो. पुढे आमची घरंच वेगळी झाली, मग तपासतंय कोण!

या हिवाळ्यात एका मादीने खिडकीतल्या गुलाबावर, माव्याच्या गर्दीत, अंडी घातली. तांदळाच्या कणीएवढी, एकेक, जागा पारखून. त्यांचे कोष झाल्यावर मी अर्धे उबेला ठेवले, अर्धे थंड कपाटात. उबेतून पिवळ्या माश्या निघाल्या, गारठ्यातून काळपट. एकाच आईची लेकरं! खालच्याच माश्या डोंगर चढतात, तिथल्या थंडीत त्यांची पिल्लं काळवंडतात, एवढंच.

आणि नियम असा, की आधीचं नाव टिकतं. म्हणजे आईने दिलेलं. तुझं त्याखाली, बारीक अक्षरांत.

खात्रीसाठी तिच्याकडचा मूळ नमुना पाहणं भाग होतं. तो पोस्टाने पाठवायला ती तयार होईना. बसमधून मांडीवर डबी सांभाळत स्वतःच आली. बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसली, मग म्हणाली, "अरे, ही तर तीच."

मी डबीचं झाकण लावलं, तेव्हा तिनेच विचारलं,

"ठकूला कोण सांगणार?"

"तू सांग."

"मी का? नाव तू ठेवलंस, तूच सांग. मी बापडी जिंकले आहे." आणि हसली. ते हसणं मी विसरलोच होतो.

दुसऱ्या दिवशी ती परत जाणार होती. मग म्हणाली, उरलेल्या माश्या कोषातून निघेपर्यंत थांबते. त्या निघाल्या. मग गुलाबावर पुन्हा मावा पडतोय का, ते बघायला थांबली. दुपारी एखादा नर हवेला टांगल्यासारखा उन्हात स्थिर राहतो. आम्ही खुर्च्या ओढून बघत बसतो. चहा गार होतो. वाटतं, मधली सगळी वर्षं एका डुलकीत गेली.

तुझी मात्र डुलकीत गेली नाहीत, हे मला कळतं. दोन घरांत दोन टूथब्रश ठेवून वाढलीस तू. लग्नात म्हणालीस, "निदान एका फोटोत तरी नीट उभे राहा," तेवढंही आम्हाला जमलं नाही. आता म्हणशील, म्हातारपणी बरं सुचलं यांना! म्हण. फोनवर ओरड हवं तर, या वेळी उचलेन.

पण ती इथेच राहणार आहे, ठकू. तिचं सामान परवा आलं.

तिला म्हटलं, तूही दोन ओळी लिही. तर म्हणते, "वेगळ्या कशाला? खाली माझंही घाल की."

तुझे,
आई आणि बाबा