वरच्या जबड्याची ओळख

तीर्थरूप मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची तब्येत आणि मामींचा गुडघा दोन्ही ठीक असतील असं धरून चालतो. (नसतील तर मामींनी जिना चढू नये, तुम्ही चढलात तरी चालेल.) आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणाल तर माझा पार गोंधळ उडालाय, आणि तो कुठून सुरू झाला हे मला नेमकं सांगता येतं. गेल्या सोमवारी सकाळी अंघोळ करून, देवापुढे हात जोडून मी कॉम्प्युटरसमोर बसलो आणि एका जबड्याला मेल पाठवला.

नीट सांगतो. मी दात बनवतो हे तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टर तोंडाचा ठसा पाठवतात, त्यात प्लॅस्टर ओतून आम्ही जबडा काढतो आणि त्यावर मेणात एकेक दात लावून कवळी उभी करतो. एवढी वर्षं हे काम केलं, पण ज्यांचे दात बनवले त्यांतलं एकही माणूस मी पाहिलेलं नाही. ठशावर नाव नसतं, नुसता आकडा असतो. म्हणून कवळी डबीत घालताना मी मनातल्या मनात म्हणतो, देवा, हा कोण असेल त्याला सुखानं जेवू दे. (मालकांना हे माहीत नाही. वेळ जातो म्हणतील.) आता मालक दात कोरणारं मशीन घेतायत. मग माझं काय, असं विचारलं तर म्हणाले, "बघू." मामा, आमच्या मालकांचं "बघू" तुम्ही ऐकलेलं नाही. ते म्हणताना ते मला सोडून सगळीकडे बघतात.

घरी थोरलीला सांगितलं. ती ऑफिसात जाते, तिला जगाच्या रीती कळतात. ती म्हणाली, बाबा, ओळखीच्या एखाद्या मोठ्या माणसाला मेल लिहा. काम मागायचं नाही, फक्त सल्ला मागायचा, आणि तोही पंधरा मिनिटांचा. मी म्हटलं, अगं, काम हवंय तर सल्ला कशाला मागू? म्हणाली, तसंच करतात. मला हे काही केल्या उमगलं नाही. सल्ला आजवर मला न मागताच मिळत आलाय, आणि पंधरा मिनिटांत तो कधी आटोपलेला नाही. (तुमच्याबद्दल बोलत नाहीये.) पण पोरीपुढे अडाणी कशाला ठरायचं म्हणून मान डोलावली.

आता ओळखीचा मोठा माणूस आणायचा कुठून? तुम्ही आहात, पण तुमच्याकडे मेल नाही. तेवढ्यात मालकांच्या टेबलावर त्या मशीनचं माहितीपत्रक दिसलं. पहिल्याच पानावर मशीन विकणाऱ्या कंपनीचे मोठे साहेब हसत होते आणि खाली लिहिलं होतं की आमच्या मशीनची अचूकता अशी हसण्यात दिसते. मी बघतो तर ते दात माझे. म्हणजे साहेबांचेच, पण माझ्या हातचे. डावा सुळा किंचित आत वळलेला. त्यांच्या मूळच्या दातासारखा दिसावा म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून मीच तो तसा बसवला होता. ही कवळी अधूनमधून दुरुस्तीला येते, कारण साहेब ती घालूनच झोपतात आणि झोपेत दात खातात. दाढा पार सपाट झालेल्या असतात. ज्याचा जबडा इतक्यांदा हातात घेतला त्याला ओळखीचा म्हणायचं नाही तर कुणाला म्हणायचं? मेलचा पत्ता मागच्या पानावर छापलेलाच होता.

ओळख कशी ते आधी थोडक्यात सांगा, असं थोरलीनं बजावलं होतं. म्हणून मी लिहिलं, आपण मला ओळखत नाही, पण मी आपल्या वरच्या जबड्याला चांगला ओळखतो. पुढे रीतसर प्रकृतीची चौकशी केली. झोपेत अजून दात खाता का? खात असाल तर मनाला काहीतरी काळजी आहे, ती देवावर सोपवावी. फोटोत छान दिसता; ते दात मशीनचे नाहीत हे मी अद्याप कुणालाही सांगितलेलं नाही, तरी निश्चिंत असावे. कृपया आपली पंधरा मिनिटं द्यावीत, फोन नंबर खाली दिला आहे, घाई नाही. (थोरलीला एकदा दाखवायला हवं होतं. पण ती अंघोळीला गेली होती आणि बटण समोरच होतं.)

दुपारी त्या कंपनीच्या वकिलांचा फोन आला. एवढ्याशा गोष्टीसाठी वकिलांनी फोन करावा, याचं मला अप्रूपच वाटलं. त्यांनी विचारलं, तुम्हाला नक्की काय पाहिजे? म्हटलं, सल्ला. "आणि नाही मिळाला तर?" म्हटलं, तर दुसऱ्या कुणाला तरी विचारीन. मग हळूच म्हणाले, "दुसऱ्या म्हणजे कुणाला?" मी म्हटलं, अजून ठरवलं नाही, आमच्याकडे पुष्कळ जबडे येतात. आवाज घाबराघुबरा वाटला म्हणून धीर दिला की साहेबांना म्हणावं, मी तुमच्या घरातलाच आहे असं समजा. त्यावर त्यांनी साहेबांचं घर मी कधी पाहिलंय असं विचारलं आणि फोन ठेवून दिला.

संध्याकाळी खुद्द साहेब बोलले. अगदी मऊ बोलणं. (बोलताना त्यांची हवा निसटत होती. पुढचे दात केसभर मागे घ्यायला हवेत.) म्हणाले, आम्ही तुम्हाला कंपनीत सल्लागार नेमतो. यायची गरज नाही, काही करायचीही गरज नाही, फक्त एका कागदावर सही करायची की कुणाच्याही तोंडाबद्दल कुठेही बोलणार नाही. मी सल्ला मागायला गेलो होतो मामा, आणि द्यायच्या जागेवर बसलो. मशीन शिकू की नको, ते विचारायचं राहूनच गेलं.

थोरलीनं मेल वाचून कपाळावर हात मारला. म्हणाली, बाबा, तुम्ही त्या माणसाला धमकी दिलीत. मी म्हटलं, धमकीत कुणी "कृपया" लिहितं का? तुमच्या भाचेसुनेला मात्र आनंद मावेना. "धमकी तर धमकी," ती म्हणाली, "जन्मात एकदा कुणाला घाबरवलंत, तेही झोपेत. आता जागे होऊन घालवू नका." तिचंही चूक नाही. मालकांकडे माझे दिवस भरलेत हे तिला दिसतं.

पण माझं मन तिथेच अडतं. मी आजवर गप्प राहिलो ते कुणी सांगितलं म्हणून नाही. दुसऱ्याच्या तोंडातली गोष्ट आपली नसते म्हणून. त्याचा पगार घेतला, तर मी बोलणारच होतो असं झालं. देवासमोर बसतो तेव्हा हे अगदी स्वच्छ दिसतं आणि जेवायला बसतो तेव्हा काहीच दिसत नाही. तरी मी काय करावं ते तुम्हीच सांगा.

मामींना नमस्कार.

तुमचा गोंधळलेला भाचा

ता. क. सल्ला राहू द्या. पत्र इथवर लिहिलं आणि उठून जाऊन आलो. साहेबांना फोनवर नम्रपणे नाही म्हणून सांगितलं, पुढच्या दातांचंही सांगितलं. मालकांकडे नोकरी सोडतो म्हटलं आणि माझं कामाचं टेबल मागितलं. मशीनला जागा हवीच होती, हसत दिलं. चौकातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई हातच्या कवळ्यांचं काम घरी पाठवते म्हणाल्यात, किती येईल ते त्यांनाही ठाऊक नाही. तर खरी विनंती अशी की तुमच्या भाचेसुनेला मी यातलं काही बोललेलो नाही. ती तुम्हाला मानते. पत्र मिळताच फोन करून, आधी जरा इकडचं तिकडचं बोलून, तुम्हीच तिला सांगावं. मी त्या वेळी बाहेर गेलेला असेन.

आणखी ता. क. फोन करू नका. डिंक शोधायला स्वयंपाकघरात गेलो, ती डबे पुसत होती, आणि सांगून टाकलं. बराच वेळ ती तोच डबा पुसत राहिली. मग तिनं विचारलं, "प्लॅस्टरची धूळ कुठे उडवणार?" म्हटलं, गॅलरीत. "गॅलरीत माझे कपडे वाळतात." कपड्यांची दोरी सोडून मागच्या खिडकीला बांधून आत्ताच आलो.