गुत्तेदाराच्या मोटारीचे पितळी बुश

अल्लाचे नाव घेऊन मी, मकबूल वल्द चाँदपाशा, मोटारमिस्त्री, राहणार अणदूर, तालुका तुळजापूर, हा कागद लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, नशापाणी नाही, कोणी हात धरून लिहवून घेत नाही. घाई मात्र आहे.

एक. राहते घर बायको सकिनाबी हिला मेहेरपोटी दिले आहे. माझ्या चुलत्यांनी त्यावर बोट ठेवू नये. वडिलांच्या मयतीला ते खांदा द्यायला आले नाहीत, हे मी विसरलेलो नाही.

दोन. दुकानातील ऐरण, शिकंजा व पान्ह्यांची पेटी धाकटा भाऊ सरदार याला. तो दारूच्या गुत्तेदाराची मोटार चालवतो, म्हणून मी त्याच्याशी बोलणे टाकले होते. तो अबोला आज मागे घेतो. कारण लिहिणे जरूर आहे.

गुत्तेदार रझाकारांचे बंदूकवाले घेऊन गावोगाव माणसे उचलतो. त्याची मोटार जुनी. चाकांवरच्या कमानी पाट्यांच्या टोकांना, पिनेभोवती रबराचे बुश, म्हणजे नळीसारखी कडी, असतात. ते झिजल्याने मोटार लांबूनच करकरायची. आवाज ऐकून माणसे लेकरांसह ओढ्यात उतरायची आणि त्याला रिकामी घरे सापडायची. पाडव्यानंतर त्याने मोटार माझ्या दुकानापुढे लावली. म्हणाला, "मकबूल, गाडी अशी कर, की दारात उभी राहीपर्यंत कुत्रंसुद्धा उठू नये."

सरहद्दीवरचा सोलापूरचा नाका बंद, नवा माल येत नव्हता. माझ्याकडे लॉरीच्या टायरचे उत्तम रबर होते. त्याचे बुश कापले असते तर मोटार मांजरीच्या पावलाने गेली असती. मी ते दडवले आणि पितळेचे बुश कातले. तेलाची भोके बाहेरून पाडली, पण पिनेपर्यंत पोचू दिली नाहीत. वरून कितीही तेल घातले तरी आत कोरडेच. थोड्याच दिवसांत मोटार पूर्वीपेक्षा मोठ्याने ओरडू लागली.

सरदारने पहिल्याच फेरीत ओळखले. मालकाला मात्र सांगितले, नवे पितळ आहे, बसेपर्यंत बोलणारच. उन्हाळाभर आणि पुढे पावसातही तो हेच सांगत राहिला.

काल गुत्तेदाराने परगावच्या मिस्त्रीकडून बुश काढून पाहिले. सरदारला नळदुर्गात कोंडले आहे. त्याची बायको फरिदाबी सकाळी निरोप घेऊन आली: मिस्त्री आपण होऊन आला तर ड्रायव्हरला सोडू. शेजारचे शिवलिंगप्पा मला नाक्यापलीकडे न्यायला तयार होते. मी म्हणालो, "मग सरदारचं काय?" ते साक्ष करायला बसले.

तीन. दडवलेले रबर कोळशाच्या पोत्यांखाली आहे. ते चपला शिवणाऱ्या सिदूने न्यावे. कोणत्याही मोटारीला लागू नये.

चार. मुलगी अन्वरी हिचे लग्न सरदारने पाहावे, पण तिला विचारून.

कफनाबद्दल काही लिहू नये, असे सकिनाबी म्हणते. तिच्या शब्दाखातर ते कलम गाळले आहे.

मुक्काम अणदूर, ऑगस्ट १९४८, फसली १३५७.
सही: मकबूल वल्द चाँदपाशा
साक्षीदार: शिवलिंगप्पा; सिदू (अंगठा)

शेरा, शिवलिंगप्पाच्या हातचा: सरदार त्याच सांजेला पायी परत आला. मकबूल अद्याप आलेला नाही. सकिनाबी रोज त्याचे ताट वाढते, म्हणून हा कागद मी तिला दिलेला नाही.