सतरा नंबरचे दोघे

प्रिय शंकाबाई,

टक धप धप, टक धप धप. सकाळपासून हाच आवाज कानात घुमतोय. साठ वर्षांपूर्वी आमचे मास्तर कविता शिकवण्याआधी तिचं वृत्त आमच्याकडून बाकावर वाजवून घेत. लघु अक्षराला पेन्सिलीचं टोक, गुरूला सगळा तळहात. भुजंगप्रयात असलं की चाळीस पोरं टक धप धप करत सुटायची आणि खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. मधेच कुणी चुकला तर मास्तर डोळे न उघडता बोट दाखवायचे, "भिंतीकडचा तिसरा." तो तिसरा बहुतेक वेळा मीच असे, आणि दर वेळी मला वाटायचं की मी तर बरोबर वाजवत होतो. आता तू म्हणशील, बाबांनी शाळेपासून सुरुवात केली, म्हणजे मुद्दा चौथ्या पानावर येणार. तसं होऊ नये असं मलाही वाटतंय, कारण चार वाजता तुझा नवरा निघेल आणि हे पत्र त्याच्या हाती द्यायचंय.

तू सोमवारपर्यंत ऑफिसातच राहणार, म्हणून तो पलीकडच्या खोलीत तुझ्या कपड्यांना इस्त्री करतोय. माझा मुलगा म्हणजे जन्मभर खुर्च्या घडवणारा माणूस, कॉलरसुद्धा लाकडाला रंधा मारावा तशी दाबतो. तुझ्या निळ्या सदऱ्याचं एक बटण त्याला सापडत नाहीये आणि त्यावरून तो मलाच दोनदा बोलला. मला तुझ्याशी बोलायचंय ते फोनवरही जमलं नसतं. काल तू फोनवर मला "सर" म्हणालीस. लग्नाला सहा वर्षं झाली, या सहा वर्षांत मी फक्त बाबा होतो. काल मात्र "हो सर, बघते सर," आणि फोन बंद. चहा दोनदा गरम केला, दोन्ही वेळा प्यायचा राहिला.

मग इस्त्री फिरवता फिरवता, माझ्याकडे न बघता, त्यानं सांगितलं की तुझं ठरलंय. सोमवारी अकराला कंपनीच्या चौकशी समितीपुढे तू लिहून देणार की "बदल माझा, चूक माझी." आणि त्याच कागदाखाली राजीनामा. सोमवार परवावर आला.

तो हे वाचणार आहे, म्हणून काय झालं ते मी त्याला कळेल असं लिहितो. तू कंटाळू नकोस. हे जिथे घडलं त्या रुग्णालयात सिस्टर बसतात त्या टेबलावर आपल्या कंपनीचं यंत्र आहे. प्रत्येक खाटेसाठी त्यात एक वेगळा प्रोग्रॅम चालतो आणि नाडी, श्वास, ताप पडद्यावर दाखवतो. अकरा दिवसांपूर्वी, दुपारच्या वेळी, खाट पाचच्या चौकटीत नाडी अठ्ठेचाळीस दिसू लागली. डॉक्टरांनी इंजेक्शन भरायला सांगितलं. सिस्टरनं त्या खाटेवरच्या बाईंचं मनगट धरलं होतं, ते सोडलं नाही. म्हणाली, "डॉक्टर, माझ्या बोटाखाली ऐंशी लागतायत." अठ्ठेचाळीस खाट तीनचे होते. ते इंजेक्शन दिलं गेलं असतं तर, हे वाक्य मी अकरा दिवस पुरं करत नाहीये.

आपली पहिली भेट आठवते? तू नोकरीवर येऊन तासही झाला नव्हता. हात वर करून म्हणालीस, "सर, एक शंका." अख्खी खोली हसली आणि तुला नाव पडलं. तुझी शंका अशी होती की सगळे प्रोग्रॅम आपापली पानं एकपासूनच मोजतात, मग यंत्राला कळतं कसं कुणाचं पान कुठलं? मी तुला स्टेशनवरच्या सामान ठेवायच्या खिडकीची गोष्ट सांगितली, जिथे प्रत्येकाला नंबरचा बिल्ला मिळतो आणि त्यावरून ज्याचं सामान त्यालाच. प्रोसेसर अगदी हाताशी एक छोटी वही ठेवतो, कोणतं पान खरं कुठे आहे त्याची. एका प्रोग्रॅमवरून दुसऱ्यावर जाताना ती वही दर वेळी पुसायची म्हटलं तर फार वेळ जातो. म्हणून कर्नल, म्हणजे यंत्राचा कारभार पाहणारा गाभ्याचा प्रोग्रॅम, प्रत्येकाला एक बिल्ला देतो आणि वहीतल्या प्रत्येक नोंदीपुढे तो नंबर टाकतो. सतराची पानं सतरालाच दिसतात. बिल्ले दोनशे पंचावन्न. प्रोग्रॅम येत-जात राहतात, बिल्ले संपतात. मग वही साफ पुसायची आणि पुन्हा एकपासून वाटायला घ्यायचं. तू लगेच म्हणालीस, "आणि पुसत असताना कुणी बिल्ला लावून आत बसलेलाच असेल तर?" मी हसून म्हणालो, "आपल्याकडे प्रोसेसर एकच आहे बाई, आत बसणार कोण?" तेव्हा ते खरं होतं. त्या संध्याकाळी मी घरी येऊन सांगितलं होतं की आज एक मुलगी आली आहे, ती मला शांतपणे निवृत्त होऊ देणार नाही.

बिल्ले पुन्हा वाटायचा तो भाग माझा होता आणि त्याच्या डोक्यावर माझी टीप होती. ऑफिसात सगळे माझ्या असल्या टिपांची टर उडवायचे, "काका, यमक जुळलं नाही म्हणून प्रोग्रॅम अडलाय का?" तरी मला ती आवडली होती. भुजंगप्रयातात बसवली होती:

पुन्हा एक पासून वाटा नव्याने
कुणी चालते का दुजे ते पहावे

मी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी तू एकदा जेवताना म्हणालीस, "बाबा, रागावू नका, तुमची कविता मी काढली. नव्या मुलांना वाटतं कुणीतरी गंमत करून ठेवलीय." मी रागावलो नाही म्हणालो आणि दोन दिवस रुसून बसलो, तेही तुला माहीत आहे. त्यानंतर दोन प्रोसेसरची नवी यंत्रं आली. तू तो भाग त्यांच्यावर चढवलास, सगळ्या चाचण्या केल्यास, त्या पार पडल्या.

आणि आता ऑफिसात म्हणतात की ती गंमत नव्हती, सूचना होती. दुजे म्हणजे दुसरा प्रोसेसर. त्याच्यावर सतरा नंबर लावून खाट तीन चालूच होती, इकडे बिल्ले संपले, दोन्हीकडच्या वह्या पुसल्या गेल्या, तिकडे खाट तीननं तिकडची वही सतरा नंबरानंच पुन्हा भरायला घेतली. आणि इकडून तोच सतरा खाट पाचला दिला गेला. पाचची पाळी त्या प्रोसेसरवर आली तेव्हा तिला वहीत सतराची, म्हणजे खाट तीनची, पानं तयार मिळाली. परवा आताचे साहेब फोनवर आले. कधीकाळी माझ्या शेजारच्या टेबलावर बसून माझे डबे फस्त करायचा हा माणूस. म्हणाला, "काका, तुम्ही तर द्रष्टे निघालात! फक्त दोन ओळी लिहून द्या. इशारा होता, तो काढला गेला. बस. नावं आम्ही बघू." द्रष्टे! खरं सांगू, तो शब्द ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. या वयात अंगावरून मोरपीस फिरावं तसं. ते बरं वाटणं मला अजून गिळता आलेलं नाही.

इस्त्रीचा आवाज थांबला. पावणेचार होत आले असावेत. बटण सापडलं बहुतेक.

शंकाबाई, माझ्या शेवटच्या आठवड्यात दोन प्रोसेसरचं एक नमुन्याचं यंत्र आपल्या टेबलावर आलं होतं. परत जायचं होतं, कुणी विकत घेणार नव्हतं. मी हौसेनं आपला कर्नल त्याच्यावर चढवला. मंगळवारी दुपारी चाचणीच्या एका खाटेच्या चौकटीत दुसरीच्या नाडीचा आकडा आला, डोळ्याची पापणी लवेपर्यंत, आणि गेला. मी एकटाच होतो. बुधवारी दुपारपर्यंत मला कारण कळलं होतं. दुरुस्तीला पंधरा दिवस तरी लागले असते आणि शुक्रवारी माझा निरोप होता. भाषणं लिहून झाली होती. चौतीस वर्षांत काकांच्या कोडमध्ये एक दोष सापडला नाही, असं एका भाषणात होतं. मला ते आधीच वाचायला दिलं होतं. मी दोष नोंदवला नाही. यंत्र परत जाणारच आहे, असं मनाशी म्हणालो आणि ती टीप लिहिली. तुम्हा सगळ्यांना ती माझी जुनी हौस वाटली, मीही वाटू दिलं. ती त्या गुरुवारची आहे.

'पहावे.' कुणी पहावे? पाहणारी कोडची ओळ मी लिहिली नाही, पहायला कुणाला सांगितलं नाही. समोरच्या टेबलावर तू बसली होतीस, खोलीतली एकटी, जिला पहिल्या दिवशीच ही शंका आली होती. तुला हाक मारली असती तरी पुरलं असतं. मी मात्रा मोजत बसलो होतो.

म्हणून हे पत्र. सोबत त्या आठवड्याची माझ्या डायरीची दोन पानं जोडली आहेत, तारखांसह. समितीच्या नावे वेगळा कागद लिहिला आहे. त्यात मंगळवार, बुधवार, गुरुवार जसेच्या तसे आहेत. तुझ्या कागदावर सही करू नकोस. तू काढलीस ती कविता होती. दोष मी ठेवून गेलो होतो, आणि अकरा दिवस तू तो शोधत असताना मी इथे गप्प बसलो होतो. मला माफ कर, हे लिहायचा धीर मला अजून झालेला नाही, पण

बेल वाजली. साहेबांचा माणूस त्या दोन ओळी न्यायला आला असेल, त्याला थांबायला सांगतो. नाही, दार तुझ्या नवऱ्यानं उघडलं. "अगं, तू? मी निघतच होतो," म्हणाला. आणि मग तुझा आवाज. "बाबा कुठेत? त्या ओळींबद्दल एक शंका विचारायची होती." चप्पल काढल्याचा आवाज आला, बॅग ठेवल्याचा आला. तू सोमवारपर्यंत येणार नव्हतीस. हा कागद अजून घडी घालून खिशात ठेवता येईल, तुला आधी चहा दे म्हणता येईल, आणि मग राहूनच जाईल. मी स्वतःला ओळखतो. म्हणून आत्ता, तू या खोलीपर्यंत यायच्या आत, सही करतोय.

तुझेच,
बाबा