वस्तादाच्या कंबरेत भरलेली उसण

पुणतांबे, चैत्र वद्य पंचमी, शके १८९३

राजश्री काकासाहेब मेव्हणे, मुक्काम संगमनेर, यांस सूर्यभान वस्तादाचा पुणतांब्याहून रामराम. इकडे माझी कंबर सोडून बाकी सर्व खुशाल आहे. तुमची, वहिनींची, पोरांची आणि नव्या म्हशीची खुशाली कळवावी. मनकर्णा रुसून तुमच्याकडे आली त्याला पंधरवडा होत आला. तिची खुशाली मी विचारत नाही (म्हशीचं लिहिताना ओघात तिचंही लिहिलंत तर वाचीन).

भांडण कशावरून झालं ते तुमच्या बहिणीनं तिच्या पद्धतीनं सांगितलंच असेल, म्हणून मी माझ्या पद्धतीनं सांगतो. तालमीत पोरांना मी एकच गोष्ट शिकवत आलो: वजन अंगाशी घ्यावं, गुडघ्यात वाकावं, कंबरेत वाकू नये, हिसका देऊ नये. माझ्या हाताखालचा एक पोरगा आजवर कंबर धरून घरी गेलेला नाही. आता हीच विद्या घरात सांगितली तर बिघडलं कुठं? ती ज्वारीचं पोतं आत ओढत होती, तर मी ओट्यावर बसून सांगितलं, की पाय फाकव, पोतं अंगाशी घे. ती म्हणाली, "तुमी उठून हात लावा की." मी म्हणालो, आधी पद्धत कळली पाहिजे, हात काय कुणीही लावील (हे वाक्य तालमीत पोरांना फार आवडतं). पोतं तिथंच टाकून तिनं ट्रंक भरली. ती डोक्यावर घेताना मी फक्त "गुडघ्यात वाक" एवढंच म्हणालो. ती मुद्दाम कंबरेत वाकली, ट्रंक उचलली आणि एस.टी. गाठली.

पुढं हनुमान जयंती आली. मारुतीपुढचा काळा गोटा त्या दिवशी आधी वस्तादानं खांद्यावर घ्यायचा आणि मग पोरांनी, ही आमच्या गावची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. सगळं गाव पाराभोवती. मी खाली बसलो, गोटा मांडीवर घेतला, तिथून छातीशी, छातीवरून खांद्यावर. कुठं कळ नाही की काही नाही. मानाचा नारळ घेऊन घरी आलो, चूल पेटवली (हल्ली मीच पेटवतो), भाकरी टाकली, ती उलटताना राखेत पडली. उचलायला कंबरेत वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. उसण भरली. भाकरीचं वजन ते काय, पण कंबरेला कुणी सांगावं? तसाच दाराबाहेर आलो, तर शेजारच्या छबूबाईंना वाटलं की मी त्यांच्या पाया पडतोय. त्यांनी आशीर्वादही दिला.

गरम विटेचा शेक झाला, तिळाच्या तेलानं चोळून झालं. मग छबूबाई म्हणाल्या, "वस्ताद, पायाळूची लाथ बसल्याबिगर उसण जायची न्हाई." म्हणजे जन्मताना पायाकडून आलेलं माणूस हवं. हे ऐकून गिरणीवाला बन्सी पुढं झाला, आपण पायाळूच आहोत म्हणाला आणि लांबून पळत येऊन लाथ मारली. मी पालथा चुलीपाशी. उसण जागच्या जागी. संध्याकाळी त्याची आई म्हणाली, "त्यो कशाचा पायाळू? सरळ डोक्याकडनं आलाय." मागल्या जत्रेत मी त्याला चितपट केलं होतं, ते त्याच्या ध्यानात होतं एवढंच. तालमीतली पोरं रोज समाचाराला येतात आणि मी शिकवलेलं मलाच म्हणून दाखवतात. मी ऐकून घेतो.

तूर्त एवढंच. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. बसलं तर उठवत नाही, म्हणून हे सगळं फळीवर कागद ठेवून ओणव्यानं लिहिलं आहे. अक्षराला हसू नये.

आपला,
सूर्यभान

ता. क. गावात खरं पायाळू माणूस एकच, आणि ते सध्या तुमच्याकडे आहे. तरी औषध म्हणून मनकर्णेला धाडून द्यावं. दुसरा इलाज नाही म्हणून लिहितो, नाहीतर लिहिलं नसतं.

आणखी ता. क. वरचं पत्र फळीवरच पडून राहिलं, कारण पोस्टाच्या पेटीपर्यंत चालवत नव्हतं. आज हे मी पोस्टाच्या पायरीवर बसून लिहितो आहे, त्यावरून काय ते समजा. सकाळी उठलो तर उसण आपोआप गेलेली. हे मनकर्णेला अजिबात कळू देऊ नये. ज्वारीचं पोतं मी आत नेऊन ठेवलं. ती नाही तर घरात करमत नाही, काकासाहेब. तिला घ्यायला मी स्टँडवर ओणवाच येईन. तिनं खुशाल चारचौघांत लाथ मारावी, जोरात बसली तरी चालेल. ट्रंकेला मात्र तिनं हात लावू नये, ती मी घेईन. ओणव्या माणसानं ट्रंक कशी उचलली असं तिनं विचारलं, तर ते तेव्हाचं तेव्हा बघू.