बनियनमधून गाळलेलं पेट्रोल

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मला अजून तुमची किळस येते. बापाला असं लिहू नये म्हणतात. लिहितोय.

गावात तुमचं नाव अजून निघतं. कळमनुरी रोडवरच्या आपल्या गॅरेजात गाडी शिरायच्या आधीच आप्पा तिचं दुखणं सांगायचे, असं लोक कौतुकानं बोलतात आणि मी मान हलवतो. खोटं नव्हतंच ते. आयटीआय करून मी तुमच्या हाताखाली आलो, तेव्हा माझं सर्टिफिकेट तुम्ही कपाटावर ठेवायला सांगितलंत आणि हातात गाडीचा एक स्पार्क प्लग दिलात. "हे वाच," म्हणालात. काजळी धरली असली तर पेट्रोल जास्त जातंय, तेलकट असला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, भुरा असला तर इंजिनाला हात लावायचा नाही. पेट्रोलचाच संशय आला तर एक थेंब तळहातावर घ्यायचा. चांगलं असलं तर हात गार करून उडून जातं, रॉकेल असलं तर चिकट चकाकी मागं राहते. मला तुमचा केवढा अभिमान वाटायचा, हे आठवलं की तोंड कडू होतं.

कारण तुमची ती सवय. कार्बोरेटर आपण ट्रेमध्ये रॉकेल आणि पेट्रोल एकत्र करून धुवायचो. धुऊन झालं की ते काळं पाणी फेकायला तुमचा जीव व्हायचा नाही. जुन्या बनियनच्या तुकड्यातून गाळून तुम्ही ते गिऱ्हाइकाच्याच टाकीत ओतायचात, आणि टाकीतून काढलेलं चांगलं पेट्रोल आपल्या स्कूटरमध्ये. "एवढ्यानं काय होऊन राहिलं? भरल्या टाकीत कळत बी न्हाई," असं म्हणायचात. बनियन तुमचं, घामाच्या वासाचं. मी नाक मुरडायचो, पण ट्रे मीच धरायचो.

मला शाळेत गणित शिकवलेल्या सरांची टाकी मात्र भरलेली नव्हती. कार्बोरेटर धुऊन झाल्यावर गाडी आपल्याकडून नेली, दुसऱ्या दिवशी सकाळी पंपावर थोडंसं पेट्रोल टाकलं आणि म्हाताऱ्या आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नांदेडला घेऊन निघाले. कळमनुरीच्या पुढं गाडी ठक ठक करत बंद पडली. निरोप आला तसे आपण दोघं स्कूटरवर गेलो. आजी बाभळीखाली डोळ्यांना पदर लावून बसलेली आहे, ऑपरेशनची वेळ टळून गेलेली आहे, आणि तुम्ही प्लग काढून बघताय. ओला. मग तळहातावर थेंब. तुम्ही तो तळहात सरांच्या नाकापाशी नेलात. "रॉकेल हाय सर. पंपावाल्यानं मारलं." माझ्याकडं बघितलं नाहीत. तुमचं निदान बराबर होतं आप्पा, शंभर टक्के बराबर. ते रॉकेल कुठून आलं, एवढंच तुम्ही गिळलंत.

सर पंपाच्या मालकाला वाट्टेल ते बोलले आणि मालकानं त्या सकाळी पेट्रोल सोडणाऱ्या माणसाला काढून टाकलं. हट्टा गावचा होता तो, दोन लेकरांचा बाप. तिसऱ्या दिवशी आपल्या दारात उभा. "आप्पा, मी काही मिसळलं न्हाई हो. एकबार मालकाला सांगा, तुमचं ऐकतो तो." तुम्ही त्याला बसवलंत, चहा मागवलात, स्वतःच्या हातानं कप पुढं केलात. म्हणालात, "मी गाडीचं सांगतो बाबा, माणसाचं मला काय कळतंय." तो चहा पिऊन गेला. त्याचा कप मी विसळला. संध्याकाळी विचारलं, काहून असं केलं? तर म्हणालात, गिऱ्हाईक तुटलं असतं, आणि नाव गेलं असतं. नाव तेवढं राहिलं. घ्या.

हे कागद मी कुठं पाठवणार नाही, आईच्या हाती तर लागू देणार नाही, म्हणून पुढचंही लिहून टाकतो. मागच्या आठवड्यात तो हट्ट्याचा माणूस गॅरेजात आला. एवढी वर्षं लोकांच्या जीपा चालवल्या, आता स्वतःची आहे. काळा धूर सोडत होती. मी एअर फिल्टर काढला, मातीनं गच्च भरलेला. मी तो झटकत होतो आणि तो स्टुलावर बसून एकदम म्हणाला, "त्या दिवशी लाईट गेली व्हती. मी डब्यानं मापून दिलं व्हतं पेट्रोल. तो डबा आधी रॉकेलचा असल काय? आप्पा काही खोटं बोलणारा माणूस न्हाई. लई वर्षं झाली, पण डोक्यातून जात न्हाई. माझ्याच हातून झालं असल काय हो?"

गॅरेजात दुसरं कुणी नव्हतं. तो माझ्याकडं बघत होता.

मी फिल्टर बसवायला बॉनेटखाली वाकलो आणि मान वर काढली नाही. म्हणालो, "होतं असं कधी कधी."