बढतीचे पेढे

प्रिय नीला,

तुझं पत्र मिळालं. बाळाला दात आले हे ऐकून बाबा घरभर हसत फिरले. पुढची ओळ मात्र मी त्यांना वाचून दाखवली नाही. "बाबांना आयुष्यभर लेथ मशीनवरून पुढं जावंसंच वाटलं नाही," असं लिहिलंस ना?

भोसरीची आपली खोली आठवते? शेजारच्या वर्कशॉपच्या ठोक्यांवर तू पाढे म्हणायचीस. तिसरीत असताना सांध्यांच्या तापानं तुझ्या हृदयाच्या झडपेला इजा झाली. मग कितीतरी वर्षं दर तीन आठवड्यांनी बाबांच्या सायकलवरून कामगार विमा दवाखान्यात इंजेक्शनला जायचीस. परतताना तू गाल फुगवून बसलेली, आणि हे घंटी वाजवत ओरडायचे, "बाजूला व्हा, राणीसरकार आल्या!"

कंपनीत बढती मिळाली की सगळ्या खात्याला पेढे वाटायची रीत होती. एकदा ह्यांचं नाव सुपरवायझरसाठी निघालं. मी हरखून आधीच पेढे आणून ठेवले. हे आले, पुड्याकडे बघत म्हणाले, "अगं, मी नाही म्हणून आलोय." पगार मर्यादेच्या वर गेला की फुकट उपचाराचं कामगार विम्याचं कार्ड बंद व्हायचं, आणि त्या वाढीव पगारात तुझं औषधपाणी भागणार नव्हतं. जागा शेजारच्या लेथवरच्या कोंडीरामला मिळाली. "काय ज्ञानबा, साहेब व्हायला भ्यालास व्हय?" म्हणून तो चिडवायचा. हे नुसते हसायचे.

मर्यादा वाढवा म्हणून मोर्चा निघाला, तेव्हा कधी आवाज न चढवणारे तुझे बाबा घसा बसेपर्यंत घोषणा देऊन आले. पुढे मर्यादा वाढलीही, पण तोवर त्यांच्यानंतरची मुलं वर गेली होती. "पोरीला सांगू नकोस, तिला ओझं वाटेल," असा शब्द त्यांनी माझ्याकडून घेतला होता. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी मला शब्द पाळायला शिकवलं, तरी आज मोडते आहे.

कारण महिनाअखेर ते निवृत्त होताहेत, आणि नोकरीबरोबर ते कार्डही संपेल. त्यांच्या हर्नियाचं ऑपरेशन त्याआधीच व्हायला हवं. नंतर बाहेर करणं आपल्याला झेपायचं नाही. डॉक्टर तयार आहेत, हे नाहीत. "शेवटच्या महिन्यात रजा? लोक काय म्हणतील?" म्हणतात, आणि पोटाला पट्टा आवळून कामावर जातात. माझं ऐकत नाहीत. नीला, बाळाला घेऊन मिळेल त्या गाडीनं ये, आणि त्यांना हाताला धरून दवाखान्यात ने. तुला नाही म्हणणं त्यांना कधीच जमलेलं नाही.

तुझीच, वाटेकडे डोळे लावून बसलेली
आई